मनुष्यऋण आणि अर्भकाचे दूध

प्रश्नाचे स्वरूप

गाईच्या दुधातील प्रथिनांची ॲलर्जी हा अर्भकावस्थेत नेहमी आढळणारा अन्न-ॲलर्जीचा प्रकार असून, केसीन किंवा दुधाच्या निवळीतील बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन यांसारख्या प्रथिनांना बालकाच्या शरीरातील प्रतिकारयंत्रणा परके व घातक मानून त्यांच्याविरुद्ध उभी राहते, हे त्याचे मूळ आहे. विकसित देशांतील पाहण्यांमध्ये पहिल्या वर्षातील साधारणपणे २ ते ३ टक्के बालकांत हा विकार आढळला आहे. काही बालकांच्या अंगावर दूध पोटात गेल्यापासून दोन तासांच्या आत गांधी उठतात, ओठ सुजतात, क्वचित श्वासही कोंडतो. तर काहींमध्ये प्रतिक्रिया सावकाश, काही तासांनी वा दिवसांनी, उलट्या, जुलाब, शीमधून पडणारे रक्त आणि न वाढणारे वजन या रूपांत दिसते. दुधातील साखर न पचणे, म्हणजे लॅक्टोजची असहिष्णुता, ही याहून वेगळी बाब आहे, कारण तिथे प्रश्न पचनाचा असतो, प्रतिकारयंत्रणेचा नसतो. घरोघरी मात्र दोहोंना ‘बाळाला दूध बाधते’ असेच म्हटले जाते आणि त्यामुळे उपाय चुकतो. दुसरा गैरसमज शेळीच्या आणि म्हशीच्या दुधाविषयी आहे. या दुधांतील प्रथिने गाईच्या दुधातील प्रथिनांशी इतकी मिळतीजुळती असतात की ज्याला गाईचे दूध सोसत नाही, त्या बहुतेक बालकांना तीही सोसत नाहीत. आईचे दूध नसल्यास शेळीचे किंवा गाईचे दूध द्यावे, असा वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’तील निर्देश आहे; वरच्या दुधाचा परंपरेने शेकडो वर्षे राखलेला हा पर्याय या बालकांपुरता बंद होतो.

आई अंगावर पाजत असेल तर उपाय तुलनेने स्वस्त आहे: तिने आपल्या आहारातून दूध आणि दुधाचे पदार्थ वगळावेत, कॅल्शियम व ‘ड’ जीवनसत्त्वाची भरपाई करावी आणि पाजणे चालू ठेवावे. खरा पेच आईचे दूध नसते किंवा पुरत नाही तेव्हा निर्माण होतो. अशा वेळी दोन प्रकारची विशेष पावडर वापरली जाते. पहिल्या प्रकारात दुधातील प्रथिनांचे विकरांच्या साहाय्याने इतके बारीक तुकडे केलेले असतात की प्रतिकारयंत्रणेला ती सहसा ओळखू येत नाहीत, आणि बहुसंख्य बालकांना तेवढे पुरते. दुसऱ्या प्रकारात प्रथिने मुळीच नसतात. ज्या अमिनो आम्लांपासून प्रथिने बनतात ती आम्लेच सुटी घातलेली असतात, आणि ज्यांना पहिला प्रकारही सोसत नाही किंवा ज्यांची प्रतिक्रिया तीव्र असते, अशा थोड्या बालकांना हा दुसरा प्रकार द्यावा लागतो. किमतीचा हिशेब येथून सुरू होतो. सहा किलो वजनाच्या आणि पूर्णपणे वरच्या दुधावर असलेल्या बालकाला दिवसाकाठी सुमारे ९०० मिलिलिटर दूध लागते, चारशे ग्रॅमच्या एका डब्यातून पावणेतीन लिटरच्या आसपास दूध तयार होते, म्हणजे एक डबा जेमतेम तीन दिवस पुरतो आणि महिन्याला दहा डबे लागतात. भारतात अमिनो आम्लांच्या अशा एका डब्याची किंमत हजारांत मोजावी लागत असल्याने, मजुरी करणाऱ्या किंवा लहानशी नोकरी असलेल्या कुटुंबाची सबंध मिळकत एका बालकाच्या दुधातच संपू शकते. बहुतेक बालके तीन ते पाच वर्षांच्या वयापर्यंत या ॲलर्जीतून बाहेर पडतात आणि पावडरीवरचे संपूर्ण अवलंबन त्याहूनही बरेच आधी, वरचे अन्न सुरू झाल्यावर, कमी होत जाते. परंतु तोवरचा काळ हाच शरीराच्या आणि मेंदूच्या वाढीचा सर्वांत वेगवान काळ असतो.

अशा बालकाचे दूध ज्या कुटुंबाला परवडत नाही, त्या कुटुंबाच्या बाबतीत तो खर्च कोणाचा, हा येथील प्रश्न आहे. वरवर पाहता तो अर्थव्यवस्थेचा किंवा आरोग्यविम्याचा प्रश्न वाटतो. परंतु कोणतीही योजना आखण्यापूर्वी समाजाने या बालकाशी आपले नाते कोणत्या प्रकारचे मानले आहे, हे ठरलेले असावे लागते. हे नाते प्राक्तनाचे, दयेचे किंवा देण्याचे असू शकते, आणि या तीन उत्तरांतून निघणारी धोरणे, तसेच त्या घराला शेजाऱ्याकडून मिळणारी वागणूक, एकमेकांपासून फार वेगळी असतात.

महाभारतातील दोन बालके

न परवडणाऱ्या दुधाचा प्रश्न भारतीय परंपरेला अपरिचित नाही. महाभारताच्या आदिपर्वात द्रोण भीष्मांना आपली पूर्वकथा सांगतो. श्रीमंतांची मुले दूध पिताना पाहून लहानगा अश्वत्थामा रडू लागला. धर्माला बाधा न येता एखादी गाय दान मिळावी म्हणून द्रोण गावोगाव फिरला, पण ती मिळाली नाही. शेवटी इतर मुलांनी पिठाचे पाणी पाजले आणि आपण दूध प्यालो अशा समजुतीने ते पोर आनंदाने नाचू लागले. लोकांनी बापाच्या दारिद्र्याची कुचेष्टा केली. याच अपमानाने द्रोण द्रुपदाच्या दाराशी गेला, तिथे मैत्री समानांतच होते असे ऐकून परतला, आणि पुढच्या वैराची परंपरा तिथून सुरू झाली. दुसरी कथा अनुशासनपर्वातील उपमन्यूची आहे. त्याच्या आईनेही त्याला पीठ कालवलेले पाणी दिले, पण पूर्वी एका यज्ञप्रसंगी त्याने खरे दूध चाखले असल्याने त्याची फसगत झाली नाही. वनात राहणाऱ्यांना दूध कोठून मिळणार, ते शंकराच्या कृपेवाचून मिळत नाही, असे आईने सांगितल्यावर त्याने उग्र तप केले आणि शंकराने त्याला क्षीरसागरच दिला.

या दोन कथा सहसा पराक्रम आणि भक्ती यांच्या कथा म्हणून सांगितल्या जातात, पण त्यांच्या मुळाशी एकच सामाजिक वस्तुस्थिती आहे: बालकाला हवे असलेले अन्न समाजात उपलब्ध आहे, ते त्याच्या घरात मात्र नाही. पहिल्या कथेतील बाप सत्तेकडे वळतो आणि दुसऱ्या कथेतील मुलगा देवाकडे वळतो, पण ज्या वस्तीत दूध होते ती वस्ती दोन्ही कथांमध्ये कोणतेही कर्तव्य बजावताना दिसत नाही. द्रोणाच्या कथेतील बारकावा विशेष विचार करण्यासारखा आहे, कारण दान मागण्याची त्याची पद्धत शास्त्रसंमत होती, गरज खरी होती, पात्रताही निःसंशय होती, आणि तरीही देणारा आणि गरजवंत यांची गाठ पडली नाही. दानावर उभ्या असलेल्या व्यवस्थेची मर्यादा या कथेत नकळत नोंदली गेली आहे.

विशेष पावडर न परवडणाऱ्या घरांतही आज पिठाच्या पाण्याची आवृत्ती घडते. डबा अधिक दिवस पुरावा म्हणून सांगितल्यापेक्षा जास्त पाणी घातले जाते, सहा महिन्यांच्या आतच तांदळाची पेज किंवा नाचणीचे सत्त्व दुधाच्या जागी येते, किंवा स्वस्त पडते म्हणून पुन्हा साधे दूध देऊन पाहिले जाते. जास्त पाण्यामुळे रक्तातील सोडियमचे प्रमाण धोकादायक रीतीने खाली येऊ शकते आणि पोट भरल्यासारखे दिसत असतानाच बालक कुपोषित होते. यात आईवडिलांचे अज्ञान कमी आणि हतबलता अधिक असते. पोराला फसवावे असे उपमन्यूच्या आईलाही वाटले नव्हते.

प्राक्तनाचे उत्तर आणि त्यातील दोष

अशा प्रसंगी सर्वांत सहज पुढे येणारे उत्तर प्राक्तनाचे असते. प्राक्तन म्हणजे पूर्वजन्मीच्या कर्माचे या जन्मी भोगावे लागणारे फळ. त्याचे सौम्य रूप ‘नशिबाचे भोग’ या शब्दांत प्रकटते, तर कठोर रूप आईकडे बोट दाखवते: तिने गरोदरपणी काही खाल्ले असेल, तिचे दूधच बाधले असेल, पूर्वजन्मीचे काही निघाले असेल. यातील दुसरे विधान वैद्यकदृष्ट्याही खोटे आहे. अंगावर पिणाऱ्या बालकाला त्रास होतो तो आईने खाल्लेल्या दुग्धपदार्थांतील प्रथिनांचे अंश तिच्या दुधात उतरल्यामुळे; तिचे स्वतःचे दूध सदोष नसते, आणि तिच्या आहारात बदल केल्यावर तेच दूध बालकाचे सर्वोत्तम अन्न ठरते. ‘तुझे दूध बाधते’ या एका वाक्याने अनेक घरांत पाजणे थांबते आणि जो खर्च टळू शकला असता तोच मानेवर बसतो.

तात्त्विक दोष मात्र याहून खोल आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली, त्यांच्या निर्वाणानंतर, प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माच्या सिद्धान्ताची जी चिकित्सा केली आहे, तिचा रोख नेमका येथेच आहे: दुःखाचे कारण पूर्वजन्मात ढकलले की दीनदुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी राज्यावर आणि समाजावर राहत नाही, आणि या सिद्धान्ताचा दुसरा काही उपयोग संभवत नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे. कर्मसिद्धान्त मानणाऱ्या परंपरांनाही हा आक्षेप टाळता येत नाही, कारण त्यांच्या चौकटीतदेखील एखादे दुःख का आले या प्रश्नाचे उत्तर आणि ते पाहणाऱ्याने काय करावे या प्रश्नाचे उत्तर वेगवेगळे असते. नदीत बुडणाऱ्याचे प्राक्तन काहीही असले तरी काठावर उभा असलेला पोहणारा त्यामुळे कर्तव्यमुक्त होत नाही, उलट त्या क्षणी त्याच्या स्वतःच्या कर्माचा प्रश्न उभा राहतो. अर्भकाच्या बाबतीत प्राक्तनाचे स्पष्टीकरण आणखी दुबळे ठरते, कारण ज्याने या जन्मी अजून कोणतीही निवड केलेली नाही त्याला शिक्षेचा धनी ठरवणे न्यायाच्या कोणत्याही कल्पनेत बसत नाही.

दानाचे उत्तर आणि त्याची मर्यादा

दुसरे उत्तर दानाचे आहे, आणि ते निश्चितच उदात्त आहे. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन प्रकार सांगितले असून, देणे हे कर्तव्य आहे एवढ्याच बुद्धीने, योग्य स्थळी, योग्य काळी, योग्य पात्राला आणि परतफेड करू न शकणाऱ्याला दिलेले दान सात्त्विक मानले आहे. या कसोटीवर अर्भकाहून श्रेष्ठ पात्र दाखवता येणे कठीण आहे: ते परतफेड करू शकत नाही, देणाऱ्याचे नावही लक्षात ठेवू शकत नाही, आणि त्याच्या गरजेत लबाडीचा अंश असू शकत नाही. महाराष्ट्रात अनेक देवस्थाने आणि धर्मादाय न्यास रुग्णांना मदत करतात, आणि अशा मदतीने कित्येक घरे सावरतात.

तरीही येथे दानाची व्यवस्था पुरी पडत नाही, आणि त्याची कारणे देणाऱ्यांच्या कमी उदारतेत शोधण्यापेक्षा गरजेच्या स्वरूपात शोधावी लागतात. शस्त्रक्रियेसाठी एकदा रक्कम उभी करता येते. दूध दर तीन तासांनी लागते आणि डबा दर तीन दिवसांनी संपतो, त्यामुळे मदतीत आठवड्याचा खंड पडला तरी तो बालकाला झेपत नाही. शिवाय दान मिळवण्यासाठी मागावे लागते, आणि आजच्या काळात मागणे म्हणजे आजारी बालकाचे छायाचित्र व घरची मिळकत अनोळखी लोकांपुढे मांडणे होय. ज्याचे दुःख पाहवत नाही इतके ठळक दिसते त्याला मदत मिळते, आणि ज्याच्या शीमधून फक्त रक्ताचे बारीक धागे पडतात व ज्याचे वजन मुकाट्याने घटत जाते त्याला ती मिळत नाही. सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की दानात देणाऱ्याचे मन स्वतंत्र असते. त्याने दिले नाही तर तो कंजूष ठरेल, पण अन्यायी ठरणार नाही. येथे विचारायचे ते हेच आहे की दूध न मिळाल्याने हे बालक खुरटले, तर ते केवळ दुर्दैव मानायचे की अन्याय मानायचा.

ऋणाची कल्पना

भारतीय परंपरेत दानाच्या शेजारीच ऋणाची कल्पना आहे, आणि या प्रश्नाला तीच अधिक लागू पडते. तैत्तिरीय संहितेत मनुष्य, तिथल्या शब्दयोजनेप्रमाणे ब्राह्मण, तीन ऋणे घेऊन जन्मतो असे म्हटले आहे: ऋषींचे, देवांचे आणि पितरांचे. शतपथ ब्राह्मणात या तिहींत चौथ्या ऋणाची भर पडते आणि त्याची व्याप्ती जन्मणाऱ्या प्रत्येकापर्यंत जाते. हे चौथे ऋण मनुष्यांचे असून, माणसांना आसरा आणि अन्न देऊन ते फेडायचे असते. पुढे गृहस्थाच्या पंचमहायज्ञांत जो मनुष्ययज्ञ येतो त्याचे बीज येथे आहे. ऋणाच्या कल्पनेत कर्तव्याचा आरंभ घेणाऱ्याच्या दीनतेपासून होत नाही, तो देणाऱ्याच्या स्वतःच्या इतिहासापासून होतो. प्रत्येक प्रौढ माणूस कधीतरी असे अर्भक होता, ज्याला स्वतः काहीही न कमावता कोणीतरी पाजले, पुसले आणि राखले. ज्यांनी हे केले त्यांना त्याची परतफेड पूर्णपणे करता येत नाही, आणि म्हणून ती पुढच्या पिढीतील अर्भकांना करायची असते. दान करताना घेणारा पात्र आहे की नाही हे तपासले जाते; ऋणात मात्र तपासणी ऋणकोची होते, त्याने आपले देणे चुकते केले की नाही एवढाच प्रश्न उरतो.

इतर धर्मपरंपरांनीही बालकाच्या दुधाचा खर्च दयेच्या खात्यातून काढून देण्याच्या खात्यात टाकल्याचे दिसते. कुराणाच्या दुसऱ्या सूरेत दूध पाजण्याविषयीचा जो विस्तृत आदेश आहे, त्यात पूर्ण दोन वर्षांची मुदत सांगितली असून पाजणाऱ्या आईच्या अन्नवस्त्राचा भार पित्यावर टाकला आहे, कोणावरही त्याच्या कुवतीपेक्षा जास्त भार पडू नये असे बजावले आहे, पिता नसल्यास तेच कर्तव्य वारसाकडे जाते असे म्हटले आहे, आणि दाई लावल्यास तिला रीतसर मोबदला द्यावा असेही सांगितले आहे. इस्लामी विधिशास्त्र हा खर्च ‘नफका’ या सदरात, म्हणजे कायदेशीर भरणपोषणात, धरते. ऐच्छिक दान त्यापासून वेगळे मानले जाते. खलीफा उमर यांच्याविषयी परंपरेने सांगितली जाणारी एक हकिकत या संदर्भात उद्बोधक आहे. सार्वजनिक कोषातून मुलांना मिळणारे वेतन दूध तुटल्यानंतर सुरू होत असल्यामुळे एक आई आपल्या बाळाचे दूध वेळेआधीच तोडत असल्याचे त्यांना आढळले, आणि तेव्हापासून त्यांनी ते वेतन जन्मापासूनच लागू केले. नियमाची आखणी चुकली तर त्याची किंमत अर्भक मोजते, आणि ती सुधारणे हे राज्यकर्त्याचे काम आहे, असा तिचा आशय आहे.

यहुदी परंपरेने गरजेचे माप कसे ठरवावे याचा सूक्ष्म विचार केला आहे. अनुवादग्रंथात, म्हणजे बायबलच्या जुन्या करारातील पाचव्या पुस्तकात, गरजवंताला त्याची जी उणीव असेल ती भरून निघेल एवढे द्यावे असा आदेश आहे; त्यावर तालमूदमध्ये भाष्य करताना असे म्हटले आहे की समाजाने त्याला श्रीमंत करणे अपेक्षित नाही, पण ‘त्याची’ उणीव ही त्याच्या स्थितीवरून ठरते, आणि प्रतिष्ठेतून दारिद्र्यात आलेल्या एका माणसासाठी हिल्लेल या आचार्याने घोडा आणि पुढे धावणारा सेवकही पुरवला. मान राखण्यासाठी घोडा लागतो की नाही यावर वाद होऊ शकेल. विशेष दुधाखेरीज ज्याचे पोटच भरू शकत नाही त्याची उणीव मात्र वादातीत आहे. सर्वांना सारखे देणे आणि प्रत्येकाला पुरेसे देणे यांतील भेद या भाष्यात स्पष्ट झालेला आहे.

आधुनिक न्यायविचाराची साक्ष

हाच भेद विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील न्यायविचारात पुन्हा मध्यवर्ती झाला. जॉन रॉल्स यांनी १९७१ सालच्या ‘अ थिअरी ऑफ जस्टिस’ या ग्रंथात न्याय्य वाटपाचे माप म्हणून ‘प्राथमिक वस्तू’ सुचवल्या, म्हणजे उत्पन्न, संधी, स्वातंत्र्य यांसारख्या कोणालाही हव्याशा वाटणाऱ्या गोष्टी. यावर अमर्त्य सेन यांनी १९७९ मध्ये स्टॅनफर्ड येथे दिलेल्या व्याख्यानात असा आक्षेप घेतला की दोन माणसांच्या हाती सारखीच साधने दिली तरी त्यांपासून ती सारखेच जीवन घडवू शकत नाहीत, कारण साधनाचे क्षमतेत रूपांतर करण्याची शक्यता प्रत्येकाच्या शरीरानुसार आणि परिस्थितीनुसार बदलते. विशेष दुधाची गरज असलेले बालक हे सेन यांच्या युक्तिवादाचे चपखल उदाहरण आहे: शिधापत्रिका, अंगणवाडीचा आहार आणि बापाची मजुरी ही साधने शेजारच्या घराइतकीच असूनही, त्या साधनांतून शेजारचे बालक बाळसे धरते आणि हे बालक धरत नाही. रोनाल्ड ड्वॉर्किन यांनी दैवाचे दोन प्रकार केले, एक माणसाने जाणूनबुजून पत्करलेल्या जोखमीचे आणि दुसरे कोणतीही निवड न करता वाट्याला आलेले, आणि दुसऱ्या प्रकारच्या दैवाचा भार विम्याच्या तत्त्वाने सर्वांनी वाटून घ्यावा असे सुचवले. जन्मलेल्या बालकाची ॲलर्जी कोणीही निवडलेली नसते, आणि आपल्यापैकी कोणाच्या घरी ती येणार हे आधी कोणालाच ठाऊक नसते. विमा ज्या जोखमीसाठी असतो ती नेमकी हीच.

भारतीय राज्यसंस्थेने हे तत्त्व अंशतः मान्य केलेले आहे. २०२१ साली केंद्र सरकारने जाहीर केलेल्या दुर्मीळ आजारांविषयीच्या राष्ट्रीय धोरणात विशेष आहारसूत्रांनी आटोक्यात राहणाऱ्या विकारांचा स्वतंत्र गट असून त्यात तीव्र अन्नप्रथिन-ॲलर्जीचाही समावेश आहे. पुढच्या वर्षी या धोरणाखालील साहाय्याची मर्यादा ५० लाख रुपयांपर्यंत वाढवण्यात आली, आणि एप्रिल २०२३ पासून यादीतील आजारांसाठी व्यक्तिगत वापराकरिता आयात केलेल्या औषधांवरील व वैद्यकीय आहारावरील सीमाशुल्क माफ झाले. मुंबईचे केईएम रुग्णालय हे या धोरणाखालील उत्कृष्टता केंद्रांपैकी एक आहे. परंतु दुर्मीळ या सदरात न बसणारी, मध्यम तीव्रतेची ॲलर्जी असलेली बालके संख्येने कितीतरी अधिक असतात, आणि त्यांचे दूध ना औषध म्हणून मोफत मिळते, ना सामान्य आरोग्यविम्यात बसते. मुंबईतीलच शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली आणि अनोळखी आयांचे दूध अनोळखी अर्भकांपर्यंत पोहोचवण्याची सामूहिक व्यवस्था शक्य आहे हे तिने दाखवून दिले; मात्र पेढीतील दूधही दुग्धाहार घेणाऱ्या आयांचेच असल्याने त्यात गाईच्या प्रथिनांचे अंश असू शकतात, त्यामुळे या विकारापुरता तोही पूर्ण उपाय ठरत नाही.

आक्षेपांचा विचार

या भूमिकेवर तीन गंभीर आक्षेप संभवतात. पहिला असा की बालकाचे पोषण हे आईवडिलांचे कर्तव्य आहे आणि ते समाजाने उचलल्यास कुटुंबाची जबाबदारी सैल होते. पहिले कर्तव्य आईवडिलांचे आहे हे निर्विवाद आहे. पण कर्तव्य कुवतीच्या मर्यादेत असते, आणि कुवत संपली म्हणजे बालकाचा हक्क संपत नाही, तो फक्त पुढच्या ऋणकोकडे सरकतो. पित्यानंतर वारस हा क्रम ज्यांनी सांगितला त्यांनी हेच सूत्र गृहीत धरले होते.

दुसरा आक्षेप संख्येचा आहे आणि तो अधिक वजनदार आहे. मेळघाटासारख्या भागात साध्या अन्नाअभावी बालके दगावत असताना एका बालकाच्या अमिनो आम्लांच्या डब्यावर दरमहा होणारा खर्च अनेक बालकांच्या पोषणाला पुरला असता, असा हा युक्तिवाद आहे. त्याला एवढेच उत्तर देणे पुरेसे नाही की दोन्ही करावे, कारण तिजोरी मर्यादित असते. परंतु या युक्तिवादात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे डब्याची किंमत निसर्गाने ठरवली आहे. वस्तुतः ती आयात, कर, मोजक्या उत्पादकांची मक्तेदारी आणि सुट्या खरेदीची पद्धत यांतून घडते, म्हणजे ती सामाजिक निर्णयांचे फलित असते. अमेरिकेत फेब्रुवारी २०२२ मध्ये मिशिगन राज्यातील स्टर्जिस येथील ॲबट कंपनीचा कारखाना जंतुसंसर्गाच्या संशयावरून बंद पडला, तेव्हा विशेष पावडरीवर अवलंबून असलेल्या बालकांचे हाल सर्वाधिक झाले. त्याच वर्षी २२ मे रोजी जर्मनीतील रामस्टाइन तळावरून इंडियानापोलिसला लष्करी विमानाने अशीच पावडर आणावी लागली. जगातील सर्वांत श्रीमंत देशावर ही वेळ आली ती थोड्या हातांत उत्पादन एकवटल्यामुळे. तेव्हा राज्याने एकत्रित खरेदी करणे, देशी उत्पादनाला चालना देणे आणि ही पावडर औषधाच्या पंगतीत बसवणे, हेदेखील ऋण फेडण्याचेच मार्ग आहेत, आणि त्यांनी संख्येच्या आक्षेपातील दाहकता बरीच कमी होते.

तिसरा आक्षेप असा की एकदा पैसा सार्वजनिक झाला की गरज फुगवली जाते. हा आक्षेप खरा आहे, आणि इंग्लंडचा अनुभव त्याला पुरावा देतो. तिथे ही पावडर राष्ट्रीय आरोग्यसेवेतून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते. २००६ ते २०१६ या काळात अशा चिठ्ठ्यांची वार्षिक संख्या सुमारे १ लाख ५ हजारांवरून ६ लाखांच्या वर गेली आणि खर्च ८१ लाख पौंडांवरून ६ कोटी पौंडांपलीकडे पोहोचला, पण विकार त्या प्रमाणात वाढल्याची चिन्हे नव्हती. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने २०१८ साली ही बाब मांडताना पावडर-उद्योगाचा वैद्यकीय मार्गदर्शनावर पडणारा प्रभाव दाखवून दिला. म्हणून ऋण मान्य करणाऱ्याने निदानाची शिस्तही मान्य केली पाहिजे: दूध काही आठवडे वगळून लक्षणे थांबतात का ते पाहणे, पुन्हा देऊन ती परततात का याची डॉक्टरांच्या देखरेखीखाली खात्री करणे, आईच्या दुधाचा मार्ग आधी खुला ठेवणे, स्वस्त प्रकार पुरत असेल तर महागडा न देणे आणि ठरावीक काळाने गरज संपली का हे तपासणे. अर्भकांच्या दुग्धपर्यायांच्या जाहिराती, मोफत नमुने आणि आरोग्यसेवकांना दिली जाणारी प्रलोभने यांवर भारतात १९९२ च्या कायद्याने आणि त्यातील २००३ च्या दुरुस्तीने जी बंदी आहे, तिची अंमलबजावणी या शिस्तीचाच भाग आहे. गरज फुगवली जाण्याची भीती हे खऱ्या गरजेला नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. खोट्या हुंड्या चालतात म्हणून सावकाराचे खरे देणे बुडवता येत नाही.

निष्कर्ष

प्राक्तनाचे उत्तर बालकाला दोषी ठरवते आणि समाजाला मोकळे सोडते, म्हणून ते टाकाऊ आहे. दानाचे उत्तर देणाऱ्याला थोर करते, पण बालकाचे दूध त्याच्या मर्जीवर टांगते, म्हणून ते अपुरे आहे. ऋणाचे उत्तर तेवढे टिकते, कारण त्यात बालकाला काहीही सिद्ध करावे लागत नाही, आईवडिलांना आपले दुःख बाजारात मांडावे लागत नाही, आणि देणाऱ्यालाही उपकारकर्त्याचा अहंकार बाळगता येत नाही. या ऋणाला मर्यादा आहेत: निदान काटेकोर हवे, मुदत ठरलेली हवी, आणि पुरेल त्यातील स्वस्त पर्याय निवडायला हवा. पण या मर्यादांच्या आत ते पूर्ण ऋण आहे. ते अर्धे फेडणे म्हणजे पुन्हा पिठाचे पाणीच पाजणे होय. निदान झालेल्या प्रत्येक बालकाला, ते दुर्मीळ आजारांच्या यादीत बसो वा न बसो, पहिल्या दोन वर्षांपुरती ही पावडर सरकारी रुग्णालयांतून औषधासारखी मिळाली पाहिजे, आणि तोवर शेजाऱ्यांनी, न्यासांनी व देवस्थानांनी जे द्यायचे ते उपकार म्हणून न देता देणे म्हणून द्यावे.